खार, पेन्सिल आणि कोरा कागद

खारीचे चित्र काढायला काय लागते? एक कागद, एक पेन्सिल आणि एक खार. पहिल्या दोन वस्तू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. तिसरी लिंबावर असते, आणि सारी अडचण तिच्यापासून सुरू होते. कारण ती थांबत नाही.

ही अडचण चित्रकलेची आहे, असे कोणीही म्हणेल. मला ती नीतीची वाटते. तांब्या, पुस्तक, केळ्यांचा घड या वस्तू जिथे ठेवाव्या तिथे राहतात. त्यांचे चित्र काढताना आपण त्यांच्याकडून काही मागत नाही. पण जो जीव स्वतःच्या मर्जीने हलतो, त्याचे पुरे चित्र हवे असेल तर त्याला कोणत्या ना कोणत्या उपायाने थांबवावे लागते. असे उपाय माणसाने पुष्कळ शोधून काढले आहेत. कोणी मारून थांबवले, कोणी पिंजऱ्यात घालून; आता आपण खिशातला मोबाईल काढून थांबवतो. चित्र खरे व्हावे, सुंदर व्हावे ही इच्छा काही वाईट नव्हे. पण त्या इच्छेपायी समोरच्या जिवाकडून किती घ्यावे, आणि तो देत नसेल तर चित्र अपुरे ठेवून उठावे की नाही, हा प्रश्न उरतोच. फराळाच्या ताटापुढे असला प्रश्न काढल्याबद्दल वाचकांनी रागावू नये. खारीचेही लक्ष त्याच ताटाकडे असते.

आमच्या भागात हा प्रश्न जरा निराळ्या रूपाने समोर येतो. नांदेड आणि लातूर हे शेजारी जिल्हे. भाषा एक, ज्वारीची भाकरी एक, निजामाच्या राज्याच्या आठवणीही एकच. पण रानाच्या बाबतीत दोघांचे नशीब वेगळे. नांदेडच्या उत्तरेला किनवट आणि माहूर या तालुक्यांत अजून सागाचे जंगल आहे, तेंदू आणि मोह आहे, पलीकडून पैनगंगा वाहते. लातूर जिल्ह्याचा विस्तार ७,१५७ चौरस किलोमीटर. पण त्यात जंगल शंभरातला एक हिस्साही नाही. किनवटकडच्या मुलाला ‘रानातला छोटा प्राणी काढ’ म्हटले, तर ससा काढू, मुंगूस काढू की साळिंदर, असा त्याला पेच पडेल. लातूरच्या मुलाला पेच पडत नाही. त्याचे रान म्हणजे शाळेच्या आवारातला एक कडुलिंब, फार तर बसथांब्यामागची चिंच; आणि त्या रानात त्याला रोज भेटणारा रानप्राणी म्हणजे खार. हा चिमुकला जीव माणसाच्या वस्तीत येऊन राहिला, माळवदावरून, तारेवरून, कंपाऊंडच्या भिंतीवरून पळू लागला, तरी माणसाळला मात्र नाही. चिमणी येते, कबूतर येते, मांजर तर पायात घोटाळते. खार चार हातांवर येते आणि तिथे थबकते. ते चार हात तिने कधी कोणाला दिले नाहीत.

मुलांच्या वह्यांत मात्र खार फार जवळ आलेली असते. तिथे ती खारुताई असते. गोल गाल, मोठे डोळे, पुढचे दोन दात आणि हातात फळ. हल्ली शाळेच्या भिंतीवर शेकरूही असते, कारण ते महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. तांबूस रंगाचे, लांबलचक शेपटीचे ते देखणे जनावर भीमाशंकरच्या दाट झाडीत राहते. लातूरच्या मुलाला ते तक्त्यावरूनच काढावे लागते. त्यात गैर काही नाही. न पाहिलेल्या वस्तूंवरही प्रेम करावे लागते, नाहीतर भूगोल कोणी शिकला नसता. पण खिडकीबाहेर खरी खार चिर्‌चिर्‌ करीत असताना आतली चाळीस मुले भिंतीवरचे शेकरू उतरवून काढीत आहेत, हे चित्र कोणाला विचित्र वाटत नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

न पाहता काढले म्हणजे काय होते, ते खारीच्या पाठीवर वाचता येते. आपल्याकडे रामाची गोष्ट घरोघर ठाऊक आहे. सेतू बांधताना खारीने अंगाला चिकटलेली वाळू नेऊन झटकली. रामाने मायेने तिच्या पाठीवर बोटे फिरवली आणि तीन पट्टे उमटले. वाल्मीकींच्या रामायणात ही कथा नाही, पण लोकांच्या रामायणात ती इतकी पक्की आहे की ‘खारीचा वाटा’ हा शब्दप्रयोग वर्गणीच्या प्रत्येक भाषणात येतो. त्या गोष्टीमुळे मुले पाठीवर तीन रेघा ओढतात, आणि त्याही काळ्याकुट्ट. आता झाडावरची खार पाहा. पट्टे काळे नसतात, फिकट असतात. गडद असते ती मधली पाठ. आणि ते तीनच असतील असेही नाही. दक्षिण भारतात तीन पट्ट्यांची खार जास्त आढळते, उत्तरेकडे पाच पट्ट्यांची, आणि महाराष्ट्रात दोन्ही जाती सापडतात. पाच पट्ट्यांच्या खारीचे कडेचे दोन पट्टे जरा पुसट असतात, म्हणून नजरेतून सुटतात. तुमच्या अंगणातली खार कोणती, हे पुस्तक सांगणार नाही. मोजावे लागेल. मोजायला बसलात की अर्धे चित्र काढल्यासारखेच आहे.

पेन्सिलीने काढताना तर एक मोठी गमतीची गोष्ट ध्यानात येते. फिकट पट्टा पेन्सिलीने काढताच येत नाही. पेन्सिल फक्त काळे करू जाणते. पट्टा हवा असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंची लव हलक्या हाताने, केसाच्या दिशेने गडद करीत जायचे आणि पट्ट्याच्या जागी कागद कोरा सोडायचा. रामाची बोटे कागदावर काढता येत नाहीत, ती सोडावी लागतात. डोळ्यातल्या चमकीचेही तसेच. मोहरीएवढा ठिपका कोरा राहिला तर खार जिवंत. हात घसरून तो भरला गेला तर खार मेलेली. चित्रकलेचे शिक्षक हे पहिल्या महिन्यातच सांगतात. आपण ते तंत्र म्हणून ऐकतो आणि विसरतो.

पेन्सिलीविषयी दोन शब्द लिहायला हवेत, कारण या कथेत ती वाटते तितकी निरुपद्रवी वस्तू नाही आणि तितकी अपराधीही नाही. आपण तिला शिसपेन्सिल म्हणतो, पण तिच्यात शिसे नसते. सोळाव्या शतकात इंग्लंडात बॉरोडेलच्या डोंगरात जो काळा मऊ दगड सापडला तो लोकांना शिशाचाच प्रकार वाटला, आणि ते नाव जगभर चिकटले. तो कोळशाचाच भाऊबंद आहे हे १७७९ मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने दाखवले. पुढे इंग्लंडशी लढाई जुंपल्यामुळे फ्रान्सला तो दगड मिळेना, तेव्हा १७९५ मध्ये काँते याने त्याची भुकटी चिकणमातीत मळून, भाजून कांड्या तयार केल्या. माती जास्त तर पेन्सिल कठीण, कमी तर मऊ. आपली एचबी आणि टूबी त्या मळणीची नातवंडे. बाहेरचे लाकूड मात्र झाडाचेच. आपल्या देशातल्या पुष्कळ पेन्सिलींसाठी लागणाऱ्या लाकडी पट्ट्या काश्मीरच्या पुलवामा जिल्ह्यातील उखू गावाकडून येतात. त्या पॉप्लरच्या असतात. म्हणजे खार काढण्यासाठी दूरच्या कोणत्या तरी खारीचे झाड थोडेसे खर्ची पडलेच. तरी पेन्सिल पुष्कळ परवडली, असे मी का म्हणतो ते पुढे येईल.

परीक्षेच्या चित्रकलेत दोन विषय मुलांच्या परिचयाचे आहेत, वस्तुचित्र आणि स्मरणचित्र. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसलेला नांदेड-लातूरचा कोणताही मुलगा हे शब्द जाणतो. वस्तुचित्रात समोर बादली असते, ती पाहून काढायची. स्मरणचित्रात समोर काहीच नसते, आठवड्याचा बाजार आठवून काढायचा. खार या दोन्ही पेपरांत बसत नाही. ती समोर असते म्हणून वस्तू. पण कागदाकडे मान वळवून परत वर पाहावे तो फांदीच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे जी खार आपण काढतो ती नेहमीच मागच्या क्षणाची असते. पाहणे आणि आठवणे यांतले अंतर तिथे एका श्वासाइतके उरते. मला तर वाटते, जिवंत गोष्टींचे सारेच ज्ञान असे असते. शेजारच्या माणसाविषयी आपण जे ठामपणे बोलतो तेही मान खाली घालून काढलेले मागल्या क्षणाचे चित्र; वर पाहावे तो माणूस फांदी बदलून बसलेला.

दहा मिनिटे असे पाहिले की कागदावर दहा-बारा अर्ध्या खारी जमतात. एकीचे नुसते डोके, एकीचा कान आणि जबडा, एकीचे दोन्ही हात तोंडाशी. त्या हातांना चार-चार बोटे, मागच्या पायांना पाच-पाच. ओरडताना प्रत्येक चिर्‌ला शेपूट झटकते, जणू आवाज शेपटीनेच उडवायचा असतो. आणि या बारा खारी म्हणजे एकच खार. एवढे कळायला बारा अपुरी चित्रे लागली. एका पुऱ्या चित्राने ते कळले नसते.

पण पुऱ्या चित्राची हाव फार जुनी आहे, आणि ती साध्या माणसांपेक्षा थोर कलावंतांना जास्त. अमेरिकेतल्या पक्ष्यांची आदमकद चित्रे काढणारा ऑड्युबन पक्षी बंदुकीने टिपत असे आणि तारा खोचून त्यांना जिवंतपणाच्या ऐटीत उभे करीत असे. १८२७ ते १८३८ या काळात त्याचा तो प्रचंड ग्रंथ निघाला. त्यातले पक्षी इतके सजीव वाटतात की पाहणाऱ्याला तार आठवत नाही. हे वाचून नाक मुरडणे सोपे आहे. पण आपले सलीम अली पक्षिशास्त्राकडे वळले ते कशामुळे? लहानपणी, १९०८ च्या सुमारास, छऱ्याच्या बंदुकीने मारलेली पिवळ्या गळ्याची एक चिमणी त्यांना ओळखता येईना, म्हणून ते ती घेऊन मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. त्या मेलेल्या चिमणीमागून केवढी विद्या आली! ती चिमणी वाचायला हवी होती असे म्हणायला जीभ रेटत नाही, आणि मारली ते बरे झाले असे म्हणवत तर मुळीच नाही. जमाखर्चाच्या वहीत अशी एखादी रक्कम असते की ती कोणत्या बाजूला लिहावी हे ठरत नाही. मी ती तशीच ठेवतो.

जर्मनीतल्या ड्यूररचा ससा १५०२ सालचा. व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात तो आहे, आणि त्याची छायाचित्रे जगभर इतकी पसरली आहेत की ती एखाद्या वाचकाच्या घरीही असतील. त्याच्या अंगावरचा केसन्‌केस मोजून घ्यावा असा. पण माझे लक्ष नेहमी त्याच्या डोळ्याकडे जाते. त्या डोळ्यात खिडकीची चौकट दिसते. ससा रानात नाही, खोलीत आहे. जाणकार म्हणतात की असे प्रतिबिंब काढण्याची ड्यूररला सवयच होती, त्यावरून फार काही ठरवू नये. ससा जिवंत होता की मेलेला याविषयीही त्यांच्यात एकमत नाही. असेल. तरी ज्याने केस एवढ्या निष्ठेने काढले, त्याने खिडकीही निष्ठेने काढली असे समजायला मला आवडते. आपण या जिवाला कुठे आणून ठेवले आहे याची कबुली त्याने त्या जिवाच्याच डोळ्यात लिहून ठेवली.

आणि खारींचे जगातले एक अत्यंत सुंदर चित्र आपल्याच देशातले आहे. जहांगीरच्या पदरी असलेल्या अबुल हसन या चितारीचे ते समजले जाते. त्यात मन्सूरचाही हात असावा असे काहींचे मत. सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकातले हे चित्र आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. सोनेरी आभाळ, शरदातला रंगलेला चिनार, आणि त्याच्या फांद्यांवर खेळणाऱ्या, लपणाऱ्या, डोकावणाऱ्या तांबूस खारी. त्या आपल्या पट्टेवाल्या खारी नव्हेत, परदेशी जातीच्या. बादशहाच्या प्राणिसंग्रहात त्या पाहिल्या असाव्यात. झाडाच्या बुंध्याशी एक माणूस आहे. तो अनवाणी, खोडाला हात घालून वर चढू पाहतो आहे. खारी त्याच्या हाती लागणार नाहीत हे पाहणाऱ्याला कळते, त्याला कळत नाही. पिंजऱ्यातल्या खारी पाहून चिताऱ्याने त्यांना झाडावर सोडले आणि पकडणाऱ्याला खाली उभे केले, असा मी या चित्राचा अर्थ लावतो. कलेच्या इतिहासकारांनी तो मान्य करावा असा माझा आग्रह नाही.

आता पेन्सिलीचे. त्या काळचे चितारी जे अतिसूक्ष्म कुंचले वापरीत ते खारीच्या शेपटीच्या केसांचे असत. एका केसाएवढी रेघ हवी तर केसाचेच टोक हवे. म्हणजे खारीच्या अंगावरची लव ज्याने रंगवली तो कुंचला बहुधा खारीच्याच शेपटीचा असणार. चित्राने खार अमर केली खरी, पण आधी तिची शेपूट मागून घेतली. म्हणून मी म्हटले की पेन्सिल परवडली. ती थोडे लाकूड आणि थोडी काळी भुकटी एवढ्यावर भागवते, आणि समोरच्या खारीकडे काही मागत नाही. तिची रेघ तितकी बारीक होत नाही. न होऊ दे.

राहिला कॅमेरा. त्याच्याविरुद्ध तक्रार करणे मात्र अवघड आहे, कारण त्याने खारीला काहीच होत नाही. तिचा क्षणाचा हजारावा भाग तो उचलतो आणि तिला पत्ताही लागत नाही. मग छायाचित्र घेऊन सावकाश घरी बसून पंख्याखाली चित्र काढले तर बिघडले काय? बिघडले काहीच नाही. फक्त ते खारीचे चित्र नव्हे, छायाचित्राचे चित्र. आणि दुसरे असे की ‘मिळाली’ म्हणून मोबाईल खिशात टाकला की डोळे खाली येतात. खार अजून फांदीवर असते, पण आपले तिच्याशी काम संपलेले असते. चित्र काढणाऱ्याचे काम संपत नाही, कारण त्याला ती कधीच मिळत नाही. ज्याच्या हाती लागत नाही तोच पाहत राहतो, हे खारीपुरते तरी मी खात्रीने सांगू शकतो.

इथे मला आपल्या मराठीतला ससा आठवतो. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकातले, मराठी गद्याचा पहिला ग्रंथ म्हणून आपण त्याचा गौरव करतो. त्यात चक्रधरस्वामींची एक लीळा आहे, शाळेच्या पुस्तकांतून ती पुष्कळांनी वाचली असेल. पारध्यांनी पिटाळलेला एक ससा धापा टाकीत आला आणि स्वामींच्या मांडीखाली दडला. पारधी आले, ससा मागू लागले. शरण आलेल्याला देता येत नाही, अशा अर्थाचे स्वामींनी त्यांना समजावून सांगितले, आणि ते परत गेले. बहुतेकांची आठवण इथेच थांबते. लीळा पुढे आहे. स्वामींनी मांडी उचलली आणि एखाद्या पाहुण्याला निरोप द्यावा तसे सशाला जायला सांगितले. त्यांनी तो जवळ ठेवून घेतला नाही. वाचवलेला जीव आपला होतो असे आपल्याला वाटते, आणि पाळण्याचा मोह तर मारण्याच्या मोहापेक्षा कितीतरी गोड. पण मांडी उचलली गेली. महानुभावांना पूज्य असलेले दत्तप्रभूंचे माहूर आमच्याच नांदेड जिल्ह्यात, त्या सागाच्या रानात आहे. तिथल्या चढावर ससे अजूनही असतील. त्यांपैकी एकही आपल्या वहीत पुरा बसेल एवढा वेळ थांबणार नाही, आणि त्याने का थांबावे?

यावर आमच्याकडचा शेतकरी काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. तो म्हणेल, ‘भाऊ, तुम्ही खारीच्या पाठीवरचे पट्टे मोजा, मी ठिबकच्या नळ्यांची भोकं मोजतो.’ आणि ते खरे आहे. उन्हाळ्यात पाण्याच्या वासाने खारी ठिबकच्या नळ्या कुरतडतात. पेरू आणि डाळिंब टोकरून ठेवतात. त्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात, ते झिजवायला त्यांना काहीतरी कुरतडावेच लागते, पण याने शेतकऱ्याचे नुकसान भरून येत नाही. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे पाण्याची नळी फोडणाऱ्या जनावराचे चित्र काढत बसणे हा रिकामटेकडेपणा नाही काय?

हा आक्षेप मला खारुताईच्या चित्रांपेक्षा जास्त मोलाचा वाटतो. त्याचे कारण असे की शेतकऱ्याने खार पाहिलेली आहे. तिची वेळ, तिची वाट, तिचे दात त्याला माहीत आहेत. तिच्यावर दगड भिरकावतानासुद्धा तो तिला ताई म्हणत नाही आणि रामाची लाडकी म्हणूनही सोडत नाही. त्याच्या रागात खार खरी आहे. फरक इतकाच की त्याला तिच्याकडे पाहण्यासाठी कारण लागते आणि ते कारण नुकसानीचे आहे. उपयोग किंवा उपद्रव यांच्यावाचून एखाद्या जिवाकडे पाहण्याची सवड ज्याला मिळते त्याने ती चैन आहे हे विसरू नये, आणि ती चैन आहे म्हणून टाकूनही देऊ नये. पेरू खाल्ल्याचा हिशेब वेगळ्या वहीत राहू द्यावा. मात्र शेतकऱ्यापुढे त्या चित्राची फुशारकी मारू नये, एवढी लाज बाळगावी.

खारीला थोडे तरी थांबवण्याचा एक मार्ग आहे, तो म्हणजे शेंगदाणा. दाणा धरून ती बसते तेव्हा अर्धे मिनिट मिळते. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रासाठी बसणाऱ्या माणसाला बसण्याचे पैसे मिळतात, मग खारीला दाणा का नको? मोबदलाच तो. पण मोबदला आणि आमिष यांच्यामधली भिंत फार पातळ आहे. मी त्यासाठी एक साधी कसोटी मानतो. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेला की लोक अंगणात पाण्याची वाटी ठेवतात. ती वाटी खारीच्या सोयीच्या जागी आहे की आपल्या खुर्चीच्या? उंच फांदीच्या बेचक्यात असेल तर ती पाण्याची वाटी. खिडकीपासून तीन हातांवर, उजेड चांगला पडेल अशी, जमिनीवर असेल तर तो सापळाच, फक्त दार नसलेला. आणि त्या सापळ्याचे गुपित चित्रकाराच्या आधी मांजराला कळते.

त्याच उन्हाळ्यात एक वेळ अशी येते की खार खरोखर स्थिर असते. भर दुपारी, वारा पडलेला असताना, लिंबाच्या आडव्या फांदीवर ती पोट टेकवून, चारी पाय दोन्हीकडे सोडून पालथी पसरते. उकाड्याने ती अशी होते. चित्रकाराला याहून चांगली संधी नाही. पट्टे स्पष्ट दिसतात, शेपूट दोरीसारखी खाली लोंबते. पण ही ऐट नव्हे, हाल आहेत. अशा वेळी काढावे का? मला वाटते काढावे, जसे आजारी माणसाजवळ बसावे तसे, आवाज न करता आणि जवळ न जाता. ती उठून जाण्याचे श्रम तिला आपल्यामुळे पडू नयेत. आणि चित्राखाली वेळ व महिना लिहावा, म्हणजे पाहणाऱ्याला ती आळशी वाटणार नाही.

राहता राहिला शेपटीचा प्रश्न, आणि तो घरोघरी भांडणाचा आहे. खार निघून जाते तेव्हा बहुधा शेपूटच काढायची राहिलेली असते. कोणी म्हणतात, शेपूट कशी असते हे काय ठाऊक नाही? घरी येऊन पुरी करावी. कोणी म्हणतात, दिसली नाही ती काढू नये. बिनशेपटीची खार तशीच ठेवावी. दुसरा पक्ष जरा हट्टी आहे, पण माझा कल तिकडे आहे. तडजोड म्हणून एक सुचवतो. संग्रहालयात फुटक्या रांजणाचे हरवलेले तुकडे वेगळ्या रंगाच्या प्लास्टरने भरतात, म्हणजे सापडलेले किती आणि समजलेले किती हे पाहणाऱ्याला कळावे. शेपूट तशी कठीण पेन्सिलीने, अगदी फिकट काढावी. चौथीतल्या मुलाला हे सांगितले तर तो विचारील, ‘मग माझी खार खोटी का?’ त्याला म्हणावे, नाही रे, तिची शेपूट अजून यायची आहे. सकाळी वाटीत पाणी भरायला जाशील तेव्हा वही बरोबर ने. आणि वर पाहण्याआधी मांजर कुठे बसले आहे तेवढे बघ.